मोरा बंदर ते वरिष्ठ संघ : कबड्डीपटूने आणि पालकांनी काय सांभाळावे?

उरण-पनवेल पट्ट्यातल्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ‘मुलगा कुमार गटात चांगल्या चढाया करतो, त्याला प्रो कबड्डीत कसा पाठवायचा?’ ‘मुलगी दहावीला आली, आता खेळ बंद करू का?’ ‘एका गृहस्थांनी परराज्यात राष्ट्रीय स्पर्धा आहे म्हणून पैसे मागितले आहेत, भरू का?’ मोरा, करंजा, नागाव, केगाव या गावांत कबड्डीचे मंडळ नाही असे सहसा होत नाही. खेळ घराघरांत आहे, पण पोराने पुढे कसे जायचे याची माहिती मात्र ऐकीव असते.

म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. वरिष्ठ संघापर्यंतची वाट गावच्या मंडळातून तालुका, जिल्हा आणि राज्य अशीच जाते. प्रो कबड्डीला वेगळे मागचे दार नाही. आणि पैसे भरून मिळणारे ‘राष्ट्रीय’ प्रमाणपत्र पुढे कुठेच चालत नाही.

दोन वेगळ्या वाटा आहेत, गल्लत करू नका

बरेच पालक शालेय स्पर्धा आणि संघटनेच्या स्पर्धा एकच समजतात. त्या वेगळ्या आहेत. त्यांचे आयोजक वेगळे, वयोगट वेगळे आणि प्रमाणपत्रांचे उपयोगही वेगळे.

- शालेय स्पर्धा : 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट. राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत त्या घेते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय असा क्रम. प्रवेशिका शाळेकडूनच जाते, म्हणून जून-जुलैमध्येच क्रीडाशिक्षकांना विचारा.
- संघटनेच्या स्पर्धा : किशोर (16 वर्षांपर्यंत), कुमार (20 वर्षांपर्यंत) आणि वरिष्ठ. तुमचे मंडळ रायगड जिल्हा कबड्डी असोसिएशनशी संलग्न, जिल्हा राज्य असोसिएशनशी आणि राज्य अखिल भारतीय महासंघाशी. महाराष्ट्राचा वरिष्ठ संघ याच वाटेने निवडला जातो.
- विद्यापीठ स्पर्धा : कॉलेजात गेल्यावर मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन आणि तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा. या वाटेकडे आपली मुले फार दुर्लक्ष करतात. बारावीनंतर कॉलेज सोडले की ही वाट बंद होते.

जमेल तितकी वर्षे तिन्ही ठिकाणी खेळा. मुलगा शाळेच्या संघात आहे म्हणून मंडळाची नोंदणी राहून गेली तर कुमार गटाचे एक वर्ष वाया जाते, आणि कुमार गटाची वर्षे मोजकीच असतात.

वजनाचेही भान ठेवा. वरिष्ठ गटात पुरुषांसाठी 85 किलो आणि महिलांसाठी 75 किलो अशी कमाल मर्यादा आहे. किशोर-कुमार गटांच्या मर्यादा त्याहून बऱ्याच कमी असतात आणि त्यांत बदलही होतात. त्या दर वर्षी स्पर्धेच्या पत्रकातच वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. वजनकाट्यासाठी आदल्या दिवशी पाणी तोडणे, रेनकोट घालून पळणे हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात. वाढत्या वयाच्या मुलासाठी ते धोक्याचे आहे, आणि असा वाळलेला मुलगा दुसऱ्या सत्रात मैदानावर उभाही राहू शकत नाही. वजन तीन-चार किलो जास्त असेल तर दोन महिने आधीपासून हळूहळू उतरवा. त्याहून जास्त असेल तर त्या वर्षी त्याला वरच्या गटात खेळू द्या.

मंडळ, नोंदणी आणि जिल्हा

नोंदणी दर हंगामाला होते आणि एका हंगामात खेळाडू एकाच मंडळाचा, एकाच जिल्ह्याचा असतो. मंडळ बदलायचे तर आधीच्या मंडळाचे ना-हरकत पत्र लागते. ते तोंडी चालत नाही. ‘अध्यक्ष आपलेच आहेत, बघून घेऊ’ या भरवशावर राहिलेली पोरे ऐन निवड चाचणीच्या वेळी बाहेर बसतात. पत्र लेखी, तारीख आणि शिक्क्यासह घ्या.

मोऱ्याच्या मुलांपुढे आणखी एक पेच असतो. समोरच मुंबई आहे, तिथे नातेवाईक आहेत, मंडळे तगडी आहेत आणि कंपन्यांचे संघही आहेत. मुंबई शहर किंवा उपनगराकडून नोंदणी करावी का? माझे मत असे, की कुमार गट संपेपर्यंत रायगड सोडू नये. मुंबईच्या नावाजलेल्या मंडळात सतरा वर्षांचा मुलगा बाराव्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून बसून राहतो. रायगडात तोच मुलगा हंगामभर पूर्ण सामने खेळतो, आणि या वयात खेळ सामने खेळूनच वाढतो. मुंबईला जावे ते सरावासाठी, मॅटवर खेळण्यासाठी. वरिष्ठ गटात एखाद्या संघाने नोकरी किंवा करार देऊ केला तर मात्र जरूर जावे.

मॅटचा मुद्दा मोठा आहे. गावात सराव मातीवर होतो, निवडीच्या आणि वरच्या स्पर्धा मॅटवर. मॅटवर पाय वेगळा पकडतो, वळण वेगळे लागते, बूट लागतात. मातीवरचा उत्तम कोपरारक्षक पहिल्यांदा मॅटवर उतरला की घोट्याची पकड घेताना हमखास उशिरा पोचतो. आठवड्यातून एक दिवस तरी मॅटवर सराव मिळेल अशी सोय पनवेल, नवी मुंबईत शोधा. 12 जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत लोकल सुरू झाली आहे, त्यामुळे हे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मुंबईत चाचणी असेल आणि लाँचने जाणार असाल तर ओहोटीची वेळ आधी पाहा. मोऱ्याला पाणी उतरले की भाऊच्या धक्क्याची लाँच थांबते आणि चाचणी तुमच्यासाठी थांबत नाही.

होडीवर जाणाऱ्या मुलांसाठी

आपल्याकडचा कबड्डीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. मासेमारीचा हंगामही नेमका तोच. जो मुलगा वडिलांबरोबर होडीवर जातो तो नोव्हेंबर ते मार्च नियमित सरावाला येऊ शकत नाही, आणि प्रशिक्षक त्याला ‘बेशिस्त’ म्हणून मोकळे होतात. हा अन्याय आहे. घराचे पोट त्या होडीवर आहे.

यावर उपाय आहे. साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. हे दोन महिने ताकद, दम आणि लवचिकता वाढवण्यासाठी द्या : जोर-बैठका, पळणे, पाय आणि खांद्याचे व्यायाम, एका पायावर तोल. मैदान चिखलाने भरलेले असले तरी समाजमंदिरात किंवा शाळेच्या हॉलमध्ये हे होते. हंगामात मग आठवड्यातले कोणते तीन दिवस येता येईल ते प्रशिक्षकांशी बसून आधी ठरवा. पालकांनीही त्या बैठकीला जावे. जाळे ओढणारा मुलगा मनगटाने आणि पाठीने मजबूत असतोच. त्याला कमी पडतो तो पायांचा वेग, आणि तो या दोन महिन्यांत कमावता येतो.

निवड समिती काय पाहते

चढाईपटू गावोगाव भरपूर आहेत. चांगले कोपरारक्षक कमी आहेत, डावा कोपरा सांभाळणारे तर आणखी कमी. मुलगा चढाईत मधला असेल आणि त्याची पकड चांगली असेल तर पंधरा-सोळाव्या वर्षीच त्याला बचावाकडे वळवा. चाचणीत त्याचा उठून दिसण्याचा संभव वाढतो.

जत्रेतल्या सामन्यात उडी मारून आलेला एक गुण लोक वर्षभर आठवतात. निवड समितीचे लक्ष दुसरीकडे असते : तीस सेकंदांची चढाई पुरी वापरता येते का, बोनसचा गुण सहज निघतो का, संघ मागे असताना हा डोके शांत ठेवतो का, साखळीत शेजाऱ्याचा हात सोडतो का. चाचणीतला एखादा सामना हरला तरी बिघडत नाही. हरणाऱ्या संघातूनही खेळाडू निवडले जातात.

निवड झाली नाही तर विसाव्या वर्षी खेळ सोडू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई प्रो कबड्डीत पहिल्यांदा उतरला तो 2018 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले आणि पुढच्याच हंगामात तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. पण त्याचीच पुढची बाजूही लक्षात ठेवा. खांद्याच्या दुखापतीमुळे आठव्या हंगामात त्याला बहुतेक सामने बाहेर बसावे लागले.

अठरा ते पंचवीस : खरा निर्णय इथे आहे

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल हा खेळ आहे. तिथेही खेळाडू आपल्या गावच्या क्लबातून सुरुवात करतो, मग परगण्याच्या कुमार, वीस वर्षांखालील आणि वरिष्ठ संघात जातो. हजारो लोकांसमोर अंतिम सामना खेळणारा तो खेळाडू सोमवारी शाळेत शिकवायला किंवा कार्यालयात कामाला जातो, कारण 1884 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने खेळ हौशीच ठेवला आहे. आपली कबड्डी लीगपुरती व्यावसायिक झाली. बाकी सगळा खेळ नोकरीवरच उभा आहे. रोह्याला जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या रायगडकरांनी ते डोळ्यांनी पाहिले : पुरुषांचे विजेतेपद भारतीय रेल्वेने नेले. नोकरी, आहार आणि रोजचा सराव एकत्र मिळाला की काय होते, ते त्या संघात दिसते.

नोकरीच्या वाटा अशा :

- रेल्वे : खेळाडू कोट्याच्या जाहिरातीत वयाची अट साधारणपणे 18 ते 25 असते आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नसते. शिवाय कामगिरी अलीकडच्या दोन-तीन वर्षांतली लागते. एकोणिसाव्या वर्षीचे पदक चोविसाव्या वर्षी उपयोगी पडत नाही. पदक मिळाले की त्याच वर्षी अर्ज करायला लागा.
- राज्य शासनाची भरती : खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. पद जितके वरचे तितकी कामगिरी वरच्या पातळीची लागते. नुसत्या जिल्हास्तरीय सहभागावर ते मिळत नाही. विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. ही पडताळणी भरतीची जाहिरात येण्यापूर्वीच उरकून ठेवा.
- पोलीस, सेनादले, तेल कंपन्या, बंदर आणि बँका : यांची भरती सलग होत नाही. संघ कधी बांधतात, कधी बंदही करतात. देना बँकेचा संघ कबड्डीत नावाजलेला होता, 2019 मध्ये ती बँकच बँक ऑफ बडोदात विलीन झाली. त्यामुळे एका संघाच्या शब्दावर दोन-तीन वर्षे थांबू नका.

आपल्या तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदरामुळे अनेक घरांत प्रकल्पग्रस्त दाखला आहे. तो दाखला आणि खेळाडूचे प्रमाणपत्र या स्वतंत्र गोष्टी आहेत. दोन्ही वेगवेगळे सांभाळा आणि भरतीच्या अर्जात काय कुठे लागू होते ते त्या जाहिरातीतच नीट वाचा.

पदवी सोडू नका, हे मी आग्रहाने सांगतो. बऱ्याच पदांना पदवी लागते, आणि बारावी नापास असलेला उत्तम खेळाडू केवळ त्या एका कागदामुळे मागे राहतो. दहावी-बारावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करण्याचीही गरज नाही. पात्र खेळाडूंना शिक्षण मंडळाच्या परीक्षेत वाढीव क्रीडा गुण मिळतात. त्यासाठीचा प्रस्ताव शाळा-कॉलेजमार्फत मुदतीत जावा लागतो. मुदत पाळली गेली की नाही, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे.

प्रो कबड्डीचे गणित

लीग 2014 मध्ये सुरू झाली आणि 2017 पासून तिच्यात बारा संघ आहेत. लिलावात खेळाडूंचे अ ते ड असे गट असतात. अकराव्या हंगामात ड गटाची पायाभूत किंमत 9 लाख रुपये होती. तरुणांना बहुतेकदा संघ ‘नवोदित खेळाडू’ म्हणून थेट करारबद्ध करतात आणि त्यासाठी राष्ट्रीय कुमार स्पर्धा, युवा स्पर्धा, संघांच्या स्वतःच्या शिबिरांवर नजर ठेवतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि मार्च 2024 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने लीग जिंकली. असे खेळाडू जिल्हा आणि राज्य पातळीवर दिसल्यावरच संघांच्या नजरेत येतात.

फसवणुकीची लक्षणे ओळखा :

- चाचणीसाठी, ‘किट’साठी किंवा निवडीच्या हमीसाठी पैशांची मागणी.
- महासंघाच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेली संस्था आणि शेजारच्या देशातली ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा, जिचा सगळा खर्च खेळाडूने करायचा.
- जिल्हा असोसिएशनला त्या स्पर्धेची माहितीच नसणे.
- ‘आजच भरा, उद्या जागा राहणार नाही’ अशी घाई.

यांतले एक जरी दिसले तरी पैसे देऊ नका. आधी जिल्हा असोसिएशनला आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला विचारा. अशी प्रमाणपत्रे सरकारी भरतीत जोडली आणि पडताळणीत ती टिकली नाहीत तर नोकरी जाते, गुन्हाही दाखल होऊ शकतो.

मुलींच्या पालकांना

मुलींसाठी अजून प्रो कबड्डीच्या तोडीची लीग उभी राहिलेली नाही. 2016 मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा झाली, ती पुढे चालू राहिली नाही. त्यामुळे मुलीच्या बाबतीत नोकरी आणि पदवी यांचा विचार मुलापेक्षा एक-दोन वर्षे आधी करावा. संधी मात्र खरी आहे. महिला कबड्डी 2010 पासून आशियाई स्पर्धेत आहे. अभिलाषा म्हात्रे हिला अर्जुन पुरस्कार मिळाला, सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे हांगझोऊच्या सुवर्णविजेत्या संघात होत्या.

मुलीची पाळी लांबत असेल किंवा थांबली असेल तर ‘खेळामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा सरावाच्या मानाने जेवण कमी पडत असते. डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळच्या सरावानंतर परतण्याची सोय, बाहेरगावच्या स्पर्धेत राहण्याची जागा आणि सोबत महिला व्यवस्थापक हे विचारणे तुमचा हक्क आहे. त्यात संकोच नको.

गुडघा, घोटा आणि औषधे

कबड्डीत गुडघ्याचा बंध तुटणे, घोटा मुरगळणे, खांदा निखळणे या नेहमीच्या दुखापती. गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज आला आणि तासाभरात सूज आली तर तो सामना तिथेच संपला असे समजा. मालिशवाल्याकडे नेऊन गुडघा ओढू नका. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. बंधाची शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने लागतात. जत्रेतला मानधनाचा सामना आला म्हणून पाचव्या महिन्यात उतरलेल्या मुलाचा गुडघा पुन्हा जातो. डोक्याला मार लागून गरगरले किंवा क्षणभर शुद्ध गेली तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नका.

जिममध्ये मिळणाऱ्या पावडरी आणि इंजेक्शनांपासून लांब राहा. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, कबड्डीपटूंच्याही चाचण्या घेते. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले तर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही आणि बंदी चार वर्षांपर्यंत असू शकते. डॉक्टरांना ‘मी स्पर्धक खेळाडू आहे’ हे सांगा आणि नाडाच्या ‘नो युअर मेडिसिन’ या ॲपवर औषध तपासून घ्या.

विम्याबाबत : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना 18 ते 70 वयासाठी वर्षाला 20 रुपयांत मिळते, पण ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वापुरती आहे. दुखापतीचा दवाखान्याचा खर्च तिच्यातून निघत नाही. नियमित खेळणाऱ्याने वेगळा आरोग्य विमा घ्यावा.

तुमचे हक्क

- करार : अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार 1872 च्या करार कायद्यानुसार त्याच्यावर बंधनकारक नसतो. प्रौढ खेळाडूने दुखापत झाल्यास पैसे मिळतील का, शस्त्रक्रिया कोण करील आणि करार कधी संपतो, ही तीन कलमे वाचल्याशिवाय सही करू नये. प्रत स्वतःकडे ठेवा.
- छळ आणि गैरवर्तन : 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संस्था, मैदाने आणि स्पर्धेची ठिकाणेही येतात. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. खेळाडू अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागतो. बालकांसाठी हेल्पलाइन 1098.
- निवडीबाबत तक्रार : आधी जिल्हा असोसिएशनकडे लेखी, पोच घेऊन, मग राज्य असोसिएशनकडे. शालेय स्पर्धेतील निवडीची कागदपत्रे माहिती अधिकारात मागता येतात.
- वय : जन्मदाखला खरा ठेवा. वय चोरून एक-दोन वर्षे मिळतात, पण वैद्यकीय तपासणीत पकडले गेले तर बंदी येते.

घरात एक फाइल ठेवा

जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, मंडळाची नोंदणी, प्रत्येक स्पर्धेचे मूळ प्रमाणपत्र, त्या स्पर्धेचे पत्रक आणि निकाल, संघयादीची प्रत, वर्तमानपत्रातली कात्रणे. पत्रक आणि संघयादी लोक टाकून देतात. पाच वर्षांनी पडताळणीच्या वेळी नेमक्या त्याच मागितल्या जातात, आणि तोवर आयोजक मंडळाचे पदाधिकारी बदललेले असतात. सगळ्याची मोबाइलमध्ये छायाचित्रे काढून ठेवा. पावसाळ्यात बंदरावरच्या घरात कागद भिजतात, म्हणून मूळ प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घाला.

ज्यांचा खेळ तिशीत थांबतो त्यांना राज्य असोसिएशनची पंच परीक्षा, बी.पी.एड. आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम हे रस्ते खुले आहेत. पंच परीक्षेसाठी खेळणे थांबण्याची वाट पाहू नका, ती पंचविशीतही देता येते.

जिल्हा क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुलीला आहे. मोऱ्याहून जायचे तर करंजा-रेवस फेरीबोट सोयीची पडते. शाळा सुरू होण्याच्या सुमारास एकदा तिथे जाऊन वर्षाचे स्पर्धा वेळापत्रक घेऊन या, आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या सचिवांना भेटून मुलाची, मुलीची नोंदणी झाली आहे का ते स्वतः विचारा.